इटाव्हिया ८७०: न्यायालय म्हणते क्षेपणास्त्र, पण पत्रा काय म्हणतो?

अभ्रक

२७ जून १९८० रोजी बोलोन्याहून पालेर्मोला निघालेले इटाव्हिया कंपनीचे डीसी-९ पोन्झा आणि उस्तिका या बेटांच्या दरम्यान तिरेनियन समुद्रात कोसळले. ८१ जणांपैकी एकही वाचला नाही. रात्रीचे ८:५९ वाजले होते, उंची सुमारे ७,६०० मीटर होती आणि संकटाचा कुठलाही संदेश आला नाही. जानेवारी २०१३ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईच्या खटल्यात क्षेपणास्त्राचा निष्कर्ष कायम केला. सप्टेंबर २०२३ मध्ये माजी पंतप्रधान जुलियानो अमातो यांनी 'क्षेपणास्त्र फ्रान्सचे, निशाणा लिबियाचे गडाफी' ही मांडणी पुन्हा केली आणि तेव्हापासून हेच सत्य म्हणून सगळीकडे लिहिले जाते.

मला हे पटत नाही. अवशेष साडेतीन हजार मीटरहून जास्त खोलीवरून १९८७ आणि १९९१ अशा दोन मोहिमांत वर काढले गेले आणि विमानाचा बहुतेक सांगाडा पुन्हा जुळवला गेला. हवाई क्षेपणास्त्र विमानाला सहसा थेट धडकत नाही. जवळ आल्यावर त्याचा समीप-फ्यूज स्फोट घडवतो आणि स्फोटकाभोवतीचे धातूचे तुकडे सेकंदाला दीड-दोन हजार मीटर वेगाने सुटतात. पत्र्यावर त्यांची दाट, बाहेरून आत गेलेली भोके पडतात आणि ती एका दिशेने पसरलेली असतात. २०१४ मध्ये युक्रेनवर पाडलेल्या मलेशियाच्या एमएच-१७ या प्रवासी विमानाच्या कॉकपिटवर नेमके हेच दिसले. बुक क्षेपणास्त्राचे 'बो-टाय' आकाराचे तुकडे वैमानिकांच्या शरीरातही सापडले. उस्तिकाच्या विमानात असा नमुना नाही.

याउलट मागच्या स्वच्छतागृहाभोवतीचा सांगाडा बाकीच्या विमानापेक्षा कितीतरी बारीक फुटला आहे. तिथले स्टीलचे बेसिन दाबाने चेपले आहे. म्हणूनच १९९४ मध्ये तपासासाठी नेमलेल्या तज्ज्ञांच्या मिसिती समितीने स्वच्छतागृहाची भिंत आणि विमानाचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये बॉम्ब फुटला असे लिहिले. ब्रिटिश तपासनीस फ्रँक टेलर त्या समितीत होते आणि आजही तांत्रिक बाजूने त्यांचीच मांडणी सर्वांत भक्कम आहे.

पश्चिमवारा

अभ्रक, पत्र्याचे तुम्ही नीट मांडलेत, पण रडारला हातच लावला नाहीत. रोमजवळच्या चांपिनोच्या रडारवर शेवटच्या ट्रान्सपॉन्डर उत्तरानंतर (विमान स्वतः रडारला देते ते उत्तर) विमानाच्या पश्चिमेला काही प्रायमरी ठिपके, म्हणजे नुसत्या परावर्तित लहरींचे ठिपके, उमटले आहेत. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाचे जॉन मॅसिडल यांनी १९८० मध्येच ते तपासून दुसरी वस्तू पश्चिमेकडून पूर्वेकडे विमानाचा मार्ग ओलांडून गेली असे म्हटले होते. ते पडणारे अवशेष असू शकत नाहीत, कारण वारा पश्चिमेचा होता आणि तुकडे पूर्वेकडे वाहत गेले. वाऱ्याच्या उलट दिशेला कुठला तुकडा जातो?

आणि नोंदी गायब होण्याचे काय? सिसिलीतल्या मार्साला लष्करी रडारने त्याच सुमारास 'सिनाडेक्स' सरावासाठी टेप बदलल्याचे सांगितले आणि नोंदीत खंड पडला. नेपल्सजवळच्या लिकोला रडार केंद्रात ठिपके हाताने लिहिले जात, तिथले त्या रात्रीचे पान नाही. न्यायदंडाधिकारी रोझारियो प्रिओरे यांनी १९९९ च्या आदेशात विमान लष्करी हवाई कारवाईत पाडले गेले असा निष्कर्ष काढला, त्यात या गोष्टींचे वजन मोठे आहे.

अभ्रक

रडारवर बोलतो. घटनास्थळ चांपिनोपासून सुमारे २३० किलोमीटरवर. तिथे दिशेत एका अंशाची चूक म्हणजे जागेत चार किलोमीटरचा फरक. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्या अंतरावर दोन-तीन हजार मीटरखालचे चांपिनोला दिसतच नाही. प्रायमरी ठिपक्याला ना ओळख, ना उंची. एक-दोन ठिपके खोटे असू शकतात. त्यांची रेघ ओढून 'हे लढाऊ विमान' म्हणणे मोठी झेप आहे.

पश्चिमवारा

एका अंशाची चूक ही कमाल मर्यादा झाली. रडारच्या सलग फेऱ्यांमध्ये विमानाचे स्वतःचे ठिपके किती विखुरले आहेत ते पाहा, त्यावरूनच त्या रात्रीची खरी चूक मोजता येते. ते बऱ्यापैकी सरळ रेषेत आहेत. मग त्याच अँटेनाला पश्चिमेच्या ठिपक्यांपुरताच भ्रम कसा होतो?

सदाफुली

बॉम्बवाल्यांना माझा प्रश्न वेळेचा आहे. विमान संध्याकाळी ६:१५ ला सुटायचे होते. आधीच्या फेऱ्यांमुळे ते ११३ मिनिटे उशिरा, ८:०८ ला निघाले. साधे घड्याळ लावलेला बॉम्ब असता तर उशिरामुळे तो बोलोन्यात जमिनीवर किंवा चढतानाच फुटला असता. मुळात ८:५९ ही वेळ नियोजित उतरण्याच्या वेळेनंतर दीड तासाहून जास्त आहे. विमान रिकामे झाल्यावर फुटेल असा बॉम्ब कोण लावेल?

अभ्रक

साधे घड्याळ असते तर तुमचे म्हणणे बिनतोड होते. पण बॅरोमीटरचा स्विच आणि त्यापुढे टायमर अशी जोडणी १९७० च्या दशकात माहीत होती. केबिनमधला दाब ठरावीक पातळीखाली गेला की टायमर सुरू होतो. उड्डाणानंतर ५१ मिनिटांनी स्फोट हे त्यात बसते.

सदाफुली

ठीक, बॅरोमीटर धरू. ७,६०० मीटरवर डीसी-९ च्या केबिनचा दाब समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीइतकाच राहतो, म्हणजे स्विच त्यापेक्षाही संवेदनशील हवा. आणि त्या दिवशी हेच विमान आधी इतर फेऱ्या करून आले होते, उशीर तिथूनच आला. उपकरण आधीपासून लपवलेले असते तर टायमर पहिल्याच फेरीत सुरू झाला असता. म्हणजे ते बोलोन्यातच आत गेले आणि तेही पॅनेलच्या मागे, थांब्याच्या थोड्याशा वेळात. हे जमणे अशक्य म्हणत नाही, पण ते कसे घडले याचा एकही धागा तपासात नाही. शिवाय त्याच स्वच्छतागृहातले कमोड आणि त्याची बैठक जवळपास धड मिळाली. हातभर अंतरावर कवच चिंध्या होते आणि बैठक शाबूत राहते, हे आधी समजावा.

अभ्रक

प्रश्न योग्य आहे. स्फोटाची लाट भिंतीपलीकडून येते तेव्हा मधले पॅनेल आधी पडते आणि त्याच्या सावलीतल्या वस्तू बचावू शकतात. पण ती शाबूत बैठक या मांडणीची सर्वांत कमकुवत कडी आहे हे मान्य.

आता उलट बाजूने सांगा. 'क्षेपणास्त्र दूर फुटले म्हणून भोके पडली नाहीत' असे जे म्हणतात त्यांनी अंतराचा विचार करावा. स्फोटाच्या लाटेचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, तुकडे मात्र त्याच्या कितीतरी पुढे मार करतात. तुकडे पोचणार नाहीत इतक्या दुरून फुटलेले क्षेपणास्त्र नुसत्या लाटेने डीसी-९ तोडू शकत नाही.

न्यायदीप

न्यायालयाच्या निकालाचा दाखला दोन्ही बाजू चुकीच्या रीतीने देतात, म्हणून थोडे. २०१३ चा निकाल दिवाणी आहे. पालेर्मोच्या न्यायालयाने २०११ मध्ये राज्याला १० कोटी युरोहून अधिक भरपाई द्यायला लावली. त्याचे कारण राज्याने आकाश सुरक्षित ठेवले नाही आणि सत्य दडवले असे होते. दिवाणीत 'जास्त संभाव्य काय' एवढेच पुरते. फौजदारीत संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि माहिती दडवल्याच्या आरोपातून हवाई दलाचे जनरल २००७ मध्ये अंतिमतः सुटले. एकच देश, एकच अवशेष, पण मोजपट्टी वेगळी. त्यामुळे 'सर्वोच्च न्यायालयाने सिद्ध केले' हे वाक्य भौतिकशास्त्राच्या वादात आणू नये.

अमातोंच्या मुलाखतीत नवा कागद नव्हता. १९८० मध्ये पंतप्रधान असलेल्या कोसिगा यांनीही नंतर फ्रान्सकडेच बोट दाखवले होते. नेत्यांची विधाने पुन्हा तपास सुरू करायला उपयोगी पडतात, पत्र्यावर भोके पाडत नाहीत.

सदाफुली

तिसरी शक्यता कुणीच घेत नाही: जवळून घासून जाणे. मिसिती समितीतल्याच कासारोसा आणि हेल्ड या दोन सदस्यांना स्वच्छतागृहातला बॉम्ब पटला नव्हता. कासारोसांच्या मांडणीत दुसरे विमान इतके जवळून गेले की त्याच्या हवेच्या झोताने डाव्या पंखावर अतिरिक्त भार आला, टोक तुटले आणि बाकीचे विमान मागोमाग मोडले. यात भोके लागत नाहीत आणि पश्चिमेचे ठिपकेही बसतात.

पश्चिमवारा

बसतात, पण मग काही तुकड्यांवर सापडलेले टी-४ (आरडीएक्स) आणि टीएनटी कुठून आले?

अभ्रक

नुसत्या रसायनावर मी भर देणार नाही. टी-४ आणि टीएनटी यांचे मिश्रण लष्करी स्फोटकांत सर्रास असते, क्षेपणास्त्रातही आणि कुणी चोरून बनवलेल्या बॉम्बमध्येही. शिवाय तुकडे लष्कराच्या जहाजांवर आणि हँगरमध्ये हाताळले गेले आहेत.

एअर इंडियाच्या कनिष्का विमानाचे उदाहरण घ्या. जून १९८५ मध्ये आयर्लंडजवळ सुमारे दोन हजार मीटर खोलीत पडलेल्या त्या विमानाचे रेकॉर्डर मुंबईला आणून भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्वनी तपासला गेला. तिथे रेकॉर्डिंग एका क्षणात तुटले होते. किरपाल आयोगाने बॉम्बचा निष्कर्ष काढला तो ध्वनी, पुढच्या माल-कक्षाचे अवशेष आणि सामानाचा माग एकत्र जुळल्यामुळे. उस्तिकात सामानाचा माग नाही, ही बॉम्बच्या बाजूची उणीव मी लपवत नाही.

तरी माझे मत बदलायचे तर मला एकच वस्तू हवी: बाहेरून आत घुसलेला, वॉरहेडचा (क्षेपणास्त्राच्या स्फोटक भागाचा) म्हणून ओळखता येणारा एक तुकडा. खुर्चीच्या फोममध्ये, सांगाड्याच्या कडीत, कुठेही.

पश्चिमवारा

आणि मला मार्सालाच्या टेपमधली ती हरवलेली मिनिटे. विमानाचा सांगाडा २००७ पासून बोलोन्याच्या संग्रहालयात, ८१ दिव्यांखाली, सर्वांसमोर ठेवला आहे. तुमचा तुकडा शोधायची संधी अजून आहे. टेपची नाही.

अभ्रक

त्या ठिपक्यांचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, हे लिहून ठेवतो. शेवटच्या दहा-बारा फेऱ्यांतल्या विमानाच्या ठिपक्यांचे विचलन तुम्ही सुचवलेत तसे मोजून आकडे इथे टाकतो. ते अर्ध्या अंशाच्या आत निघाले, तर 'खोटे ठिपके' हा युक्तिवाद मी मागे घेईन.