बोटांच्या मधल्या त्या उतीला काय म्हणावं?

टिळकवाडी: बेळगाव सीमाभागातल्या मराठी शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी गर्भाच्या वाढीवर पूरक वाचन लिहितेय. गर्भाचा हात सुरुवातीला नुसतं सपाट पातं असतो. आत बोटांच्या कूर्चा धरतात, मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. मजकुरात मी यालाच 'बोटं कोरली जातात' म्हटलंय. आठवा आठवडा संपेपर्यंत हे झालेलं असतं. मधल्या उतीला मी 'बोटांमधला पडदा' म्हटलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'अंतरांगुली ऊती' केलं. जांबोटी-कणकुंबीच्या मुलांना ते कळेल का?

खानापूर: बेचकं म्हणा की ओ. 'बेचक्यात चिखल्या झाल्यात' हे रोप लावणीला गेलेलं बारकं पोरगंबी सांगतंय.

निपाणी: बेचकं म्हणजे दोन बोटांमधली मोकळी जागा. ऊती गेल्यावरच ते तयार होतं, मग त्याचं नाव उतीला कसं देणार? 'पडदा'ही मला पटत नाही. पडदा पातळ असतो आणि गर्भात तिथं भरीव ऊती असते. बदकाच्या पायाला पडदा म्हणा.

अनगोळ: 'अंतरांगुली'त न कळण्यासारखं काय आहे? अंतर माहीत आहे, अंगुली माहीत आहे. आपल्या मुलांना कानडी आणि इंग्रजी शास्त्रीय शब्द पाठ होतात, मराठीच तेवढा जड होतो का? सीमाभागात मराठी शाळा टिकवायच्या तर शास्त्राची भाषाही मराठीत टिकली पाहिजे.

टिळकवाडी: तो शब्द कंसात ठेवेन. पुढची अडचण अपोप्टोसिसची, म्हणजे पेशी अशा ठरवून मरण्याची आहे. मी 'नियोजित पेशीमृत्यू' लिहिलंय.

संकेश्वर: 'पेशीगळ' करा! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच पानं-पाकळ्या गळणं असा आहे. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी तो मुद्दाम निवडला. आमच्याकडं मिरचीची फुलगळ शेंबडं पोरही ओळखतं. पानगळ, फुलगळ, पेशीगळ. अस्सल मराठी घडण आहे.

निपाणी: घडण सुरेख, अर्थ उलटा. फुलगळ म्हणजे नुकसान, तिच्यावर आपण फवारणी करतो. इथं पेशी मेल्या नाहीत तर दोष राहतो. पेशीमृत्यू घडवणारी बॅक्स आणि बॅक ही दोन्ही जनुकं काढलेल्या उंदरांच्या बोटांत ऊती तशीच राहते. शिवाय या पेशी गळून पडत नाहीत. त्या आक्रसतात, त्यांचे तुकडे होतात आणि भक्षकपेशी ते जागेवरच गिळतात.

संकेश्वर: पानगळ काय नुकसान आहे? झाड स्वतःच देठाशी पान तोडतं. मी 'पेशीगळ' सोडणार नाही.

खानापूर: मग वटवाघळाचं काय? तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेत आमच्या तालुक्याचं नाव जगभर नेणारं रॉटनचं वटवाघूळ आहे. त्याच्या पंखात बोटांमधलं कातडं राहतंय, पायाची बोटं मात्र सुटी.

निपाणी: पेशींना 'मरा' सांगणारी बीएमपी प्रथिनं वटवाघळाच्या हातातही असतात. पण ग्रेमलिन नावाचं प्रथिन त्यांना अडवतं आणि एफजीएफ-८ हे दुसरं प्रथिन पेशी जगवतं. पायात ही राखण नाही, म्हणून तिथली ऊती जाते. बदकाच्या पायातही ग्रेमलिनच राखण करतं. म्हणून मूळ मजकुरातलं 'बोटं कोरली जातात' मला खटकतं. बेडकात तर पेशी मारण्यापेक्षा बोटंच पुढं वाढून सुटी होतात. तिथं कोण काय कोरतं?

शहापूर: माझं थोडं वेगळं. भाचीची मधलं बोट आणि अनामिका जन्मतः जुळलेली होती. शेजारणी तिच्या आईला म्हणायच्या, 'ग्रहणात काहीतरी केलंस'. वहिनी वर्षभर कुणाच्या बारशाला गेली नाही. हाताचा हा दोष याच दोन बोटांत सर्वांत जास्त दिसतो आणि तो पेशी न मेल्यामुळे राहतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. धड्यात 'व्यंग' लिहू नका, 'जुळलेली बोटं' लिहा. आणि ग्रहणाचं वाक्य घालाच.

टिळकवाडी: घालते. स्वतंत्र चौकटीत.

अनगोळ: 'जुळलेली' म्हणजे आधी वेगळी होती, मग जुळली असं होतं. ती कधी सुटलीच नाहीत. 'न सुटलेली बोटं' म्हणा.

शहापूर: आईसमोर उभं राहून 'न सुटलेली' म्हणून बघा. जुळलेलीच बरं.

खानापूर: बेचक्याचं राहिलंच. बे म्हणजे दोन, म्हणून बेचकं असणार. गलोलीच्या लाकडालाबी आम्ही बेचकीच म्हणतो, दोन फाट्यांची.

अनगोळ: 'बे' ठीक, पण 'चकं' कुठून आलं?

संकेश्वर: चाकातून?

अनगोळ: बोटांत चाक कुठलं? वेचणं-बेचणंकडं बघा.

खानापूर: बेचणं कशाला? आमची आजी कोयत्यानं फांदी तोडून बेचकं काढायची आणि त्यावर वेल चढवायची. शब्द तिथलाच असणार, बोटांवर नंतर आला असंल.