युनिट किती, यापेक्षा युनिट कधी

पवनचक्कीच्या विजेवरच्या या चर्चेत कुणीतरी "वर्षाला एकूण किती युनिट निघतात तेवढंच बघा, वारा कधी वाहतो याने फरक पडत नाही" असं म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. वीज मोठ्या प्रमाणात साठवणं अजून महागच आहे, त्यामुळे पहाटे तीनचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. २०१७ च्या नाताळात जर्मनीत कारखाने बंद आणि वारा जोरात, अशी गाठ पडली आणि घाऊक दर चक्क शून्याखाली गेले. म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे! शिवाय एका पट्ट्यातल्या सगळ्या पवनचक्क्या साधारण एकाच वेळी जोरात फिरतात, त्यामुळे चक्क्या वाढतील तसा त्या स्वतःच आपला भाव पाडतात.

चर्चेत न आलेला मुद्दा पात्यांचा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग सेकंदाला १२ मीटरवरून ६ वर आला की ऊर्जा एक अष्टमांश उरते. जनित्र तेवढंच ठेवून पाती लांब केली, तर मंद वाऱ्यातही बऱ्यापैकी वीज मिळते. जोराच्या वाऱ्यात मात्र जनित्राची मर्यादा आड येते, त्यामुळे जास्तीचं उत्पादन नेमकं मंद वाऱ्याच्या, म्हणजे बहुधा चढ्या भावाच्या तासांत पडतं. अशी चक्की जनित्राच्या प्रति मेगावॅट क्षमतेमागे महाग पडते खरी, पण तिच्या युनिटला सरासरी भाव जास्त मिळतो. ज्या निविदांमध्ये नुसता प्रति युनिट खर्च बघितला जातो, तिथे हा फायदा मोजलाच जात नाही, याचं फार वाईट वाटतं.