मदत हवी आहे: गावी आईबाबांसाठी टीव्ही, २२ हजारांचा घ्यावा की ५४ हजारांचा?

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळच्या आमच्या घरचा टीव्ही बदलायचा आहे. आत्ताचा ३२ इंची एलईडी आहे. पडद्याच्या खालच्या भागात आडवा काळपट पट्टा आलाय, आवाजही कधी कधी बारीक होतो. घरी आईबाबा दोघंच असतात. मी ठाण्यात, दादा बंगळूरला. म्हणजे टीव्ही आम्ही निवडणार आणि बघणार ते, असा मामला आहे.

दोन ठिकाणी येऊन अडलेय. एक ४३ इंची फोरके गूगल टीव्ही, फक्त ऑनलाइन विकणाऱ्या एका नव्या कंपनीचा, २२ हजारांना. दुसरा ५५ इंची क्यूएलईडी, जुन्या नावाजलेल्या कंपनीचा, रत्नागिरीच्या दुकानात ५४ हजारांना, घरी आणून बसवून देणार. दादाचं म्हणणं, आईबाबांसाठी घेतोय तर हात आखडता घेऊ नको. माझं म्हणणं, ३२ हजार जास्त देऊन बाबांना बातम्या वेगळ्या ऐकू येणार आहेत का?

घरची परिस्थिती अशी: टीव्ही ओटीवर असतो. समोरच दार, दिवसभर उघडं, त्यामुळे उजेड भरपूर. बाबांची खुर्ची साधारण नऊ फुटांवर. आई आतल्या दाराशी भाजी निवडत बसते आणि तिरकं बघते. सकाळपासून मराठी बातम्या, संध्याकाळी मालिका, असेल तर मॅच. छपरावर डिश आहे, पॅक साधा एसडीचा, म्हणजे कमी बारकाव्याच्या चित्राचा. आई मोबाइलवर कीर्तनं ऐकते, ती टीव्हीवर लागली तर तिला हवीच आहेत. फायबर आलंय. बाबांना कमी ऐकू येतं. आणि मे महिन्यात आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात ते कोकणातल्यांना सांगायला नको.

बजेट ताणलं तर ५५ पर्यंत जाईल. पण कशासाठी ताणायचं ते कळू दे.

पिक्सेलपंडित

ताई, दादाचं ऐका. उघड्या दारासमोरच्या टीव्हीला सगळ्यात आधी लागतो तो ब्राइटनेस. स्वस्त पॅनेल साधारण २५० ते ३०० निट्सच्या (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) आसपास घुटमळतं. दिवसा त्यात चित्र कमी आणि उंबऱ्यात उभ्या माणसाचं प्रतिबिंब जास्त दिसेल. खोक्यावर एचडीआर (उजळ आणि गडद यांतला फरक ठळक दाखवणारं चित्र) छापलेलं असतं, पण ते खऱ्या अर्थाने दिसायला ६०० निट्सच्या पुढे जावं लागतं. आणि नऊ फुटांवरून ४३ इंच म्हणजे लहानच. ५५ इंचाचा पडदा क्षेत्रफळाने त्याच्या दीडपटीहून मोठा असतो. बजेट अजून ताणता आलं तर मी ओएलईडीच सांगितला असता.

खारीबिस्कीट

@पिक्सेलपंडित, दिवसभर मराठी बातम्या बघणाऱ्या घरात ओएलईडी? त्या वाहिन्यांवर खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो आणि 'ब्रेकिंग न्यूज' हे चोवीस तास जागचे हलत नाहीत. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापराप्रमाणे झिजतो. रोज आठ-दहा तास एकच पट्टी दाखवली की काही वर्षांनी मालिकेतल्या सासूच्या पदरावरही ती अंधूक दिसायला लागते. अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघणाऱ्यासाठी ओएलईडीला तोड नाही हे मान्य, पण ओटीवर नको.

अबोलीताई, एक विचारते. डिशचा पॅक एसडीचा म्हणालात ना? मग या घडीला फोरकेचा मुद्दा बाद आहे. एसडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाख पंधरा हजारांच्या आसपास. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाख. सिग्नलमधल्या एका ठिपक्याला पडद्यावरचे वीस ठिपके भरायचे असतात. टीव्ही ते अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो. ३२ इंचावर जे चित्र ठीक वाटतं तेच ५५ वर पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं फिसकटलेलं दिसतं. मग घरचे म्हणतात, एवढे पैसे घालून जुनाच बरा होता.

पिक्सेलपंडित

बातम्यांच्या पट्टीचा मुद्दा बिनशर्त मान्य. ओएलईडी मागे घेतला. पण एसडीचा उपाय सोपा आहे. डिशवाल्याला फोन करून एचडी बॉक्स आणि एचडी पॅक घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी तिन्हीच्या एचडी वाहिन्या आहेत. बातम्यांच्या मराठी वाहिन्या बहुतेक एसडीच राहतील, पण मालिका आणि क्रिकेट लगेच सुधारेल. एकच लक्षात ठेवा, बॉक्स एचडी असला आणि वायर जुनी लाल-पांढरी-पिवळी असली तर काही उपयोग नाही. एचडीएमआयच लावायची. किती घरांत बॉक्स एचडी आणि वायर तिरंगी असते, विचारू नका.

रेझिस्टर

टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो.

आधी जुन्या टीव्हीचं. आडवा काळपट पट्टा आणि बाकी चित्र स्वच्छ, म्हणजे बहुधा पॅनेल गेलेलं नाही, आतल्या बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांची, एखादी पट्टी गेली आहे. ३२ इंचीच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, तालुक्याचा कारागीर अर्ध्या दिवसात बदलतो. एक्स्चेंजमध्ये त्याचे जे काय किरकोळ मिळतील त्यापेक्षा दुरुस्त करून आतल्या खोलीत लावा. मॅच आणि मालिका एकाच वेळी असतात ते दिवस निभतील.

आता नव्याचं. आमच्या टेबलावर येणाऱ्या टीव्हींत तीन गोष्टी जातात: बॅकलाइट, पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड, आणि पॅनेल. पहिल्या दोन दुरुस्त होतात. पॅनेल गेलं की नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त पैसे मागतात, तेही मिळालं तर. नव्या ऑनलाइन कंपन्यांची मॉडेलं वर्षाला बदलतात. दोन वर्षांनी त्याच मॉडेलचा बोर्ड शोधायला गेलं की मिळत नाही. टीव्ही वाईट असतो असं नाही. २२ हजारांच्या टीव्हीतही पॅनेल कधी कधी नामांकित कारखान्याचंच निघतं. सुटे भाग आणि माणूस कुठून येणार, हा प्रश्न आहे.

तेव्हा विकत घ्यायच्या आधी दोन्ही कंपन्यांच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तुमचा देवरुखचा पिनकोड सांगा आणि विचारा: तंत्रज्ञ घरी येतो का, कुठल्या गावातून येतो, पॅनेलची वॉरंटी एक वर्ष की दोन. 'पॅन इंडिया सर्व्हिस' या शब्दावर जाऊ नका. 'जवळचं केंद्र कोल्हापूर' असं उत्तर आलं तर आंबा घाट उतरून ४३ काय आणि ५५ काय, कोणी येत नाही.

वीज: टीव्ही विजेच्या तारेतून जळतो त्याहून जास्त वेळा डिशच्या केबलमधून जळतो असा माझा अनुभव. छपरावरची छत्री, तिथून केबल बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआय, तिथून थेट मदरबोर्ड. नुसतं बटण बंद करून काही होत नाही. गडगडायला लागलं की प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवायची. आता फायबर आलंय म्हणता तर राउटरपासून टीव्हीला वायर जोडू नका, वायफायच ठेवा. स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते, कारण बहुतेक टीव्हींचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. चांगला स्पाइक गार्ड आणि घराचं अर्थिंग नीट असलं तर पुरे.

अजून एक. बसवायला येणारा मुलगा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' ठेवून जातो. बॅकलाइट शंभरावर असतो, त्याने पट्ट्या लवकर जातात. दिवसा उजेडात ठीक आहे, पण रात्रीसाठी कमी करा.

अबोली_ठाणे

बाप रे, किती कामाचं लिहिलंय सगळ्यांनी. पिनकोडचा फोन आज केला. नव्या कंपनीने 'तुमच्या भागात सेवा उपलब्ध आहे' एवढंच पाठ केलेलं वाक्य तीनदा ऐकवलं, गाव सांगेनात. दुसऱ्या कंपनीचा माणूस रत्नागिरीतूनच येतो आणि पॅनेलला दोन वर्षं आहेत.

पण मग ५५ च घ्यायचा का? त्याच कंपनीचा ५० इंची साधा फोरके, क्यूएलईडी नसलेला, ३७ हजारांना आहे.

खारीबिस्कीट

माझं मत पन्नासवालाच. क्यूएलईडी म्हणजे मागचा दिवा एलईडीचाच, मध्ये रंग खुलवणारा एक थर. रंग नक्की छान दिसतात, पण त्या चार अक्षरांनी ब्राइटनेस वाढतोच असं नाही. मागच्या दिव्यांचे वेगवेगळे गट करून ते कमीजास्त करणारं लोकल डिमिंग असेल तर फरक कळतो, आणि ५४ हजारांच्या त्या मॉडेलमध्ये ते आहे का ते आधी बघा. नसेल तर १७ हजार रंगाच्या थराला आणि पाच इंचांना जातायत.

तुम्ही आईचं तिरकं बसणं लिहिलंत, ते मात्र कोणी धरलं नाही. पॅनेल आयपीएस जातीचं असेल तर बाजूनेही रंग टिकतात, काळा रंग मात्र राखाडी दिसतो. व्हीए असेल तर समोरून काळा गडद, बाजूने सगळं फिकट. तुमच्या ओटीवर उजेड आहे, काळा रंग कितीसा कळणार? माझ्या मते आयपीएस. खोक्यावर हे लिहीत नाहीत, दुकानात स्वतः बाजूला जाऊन उभं राहायचं.

वाचलेल्यातले पाच-सहा हजार साउंडबारला घाला. हल्लीचे टीव्ही इतके पातळ की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आवाज वाढवून फायदा होत नाही, नुसता गोंगाट वाढतो. बोलणं स्पष्ट करणारा व्हॉइस मोड असलेला बार बघा आणि तो एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरने बारला पाठवणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआयला जोडा, म्हणजे वेगळा रिमोट हातात घ्यावा लागत नाही.

पिक्सेलपंडित

पन्नासला माझा अर्धा होकार. ब्राइटनेसचं दुखणं राहतंच, पण दाराला पडदा लावा म्हणजे झालं (ओटीचं दार बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही). रॅम २ जीबी आहे ना बघा. १ जीबीवाले टीव्ही दोन-तीन अपडेटनंतर कीर्तन सुरू व्हायच्या आत आरती संपवतात.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर फोनने काढलेला घरचा व्हिडिओ घेऊन जा. दुकानदार फोरकेतले पोपट आणि धबधबे लावून ठेवतो, त्यात सगळेच टीव्ही सुंदर. डेमो मोड बंद करायला लावा आणि डिशची साधी मराठी बातम्यांची वाहिनी लावून बघा. आणि किंमत घासाघीस करताना जुने यूट्यूब रिव्ह्यू दाखवू नका. ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्याआधीच्या किमती आता गैरलागू आहेत. 'नो कॉस्ट ईएमआय' घेतलात तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्या, तो बहुधा तुमच्याच खिशातून जातो.

रेझिस्टर

एक राहिलं. टीव्ही चालू केला की तो आपल्या होम स्क्रीनवर उघडतो आणि डिश कुठे गेली म्हणून रात्री आठला तुम्हाला फोन येतो. बऱ्याच मॉडेलांत चालू होताना शेवटचा इनपुट लावायची सेटिंग असते. बसवून झाल्यावर ती लावून घ्या.

अबोली_ठाणे

हा फोन मला आत्ताच्या टीव्हीवरूनही येतो :)

ठरलं, पन्नासवाला, एचडी पॅक आणि साउंडबार. दादालाही धागा वाचायला दिला, 'लोकल डिमिंग नाहीये त्यात' एवढंच म्हणाला. शनिवारी दुकानात जातेय. शेवटचा प्रश्न: घर चिऱ्याचं आहे, वर गिलावा. भिंतीला टांगला तर धरेल का?

रेझिस्टर

चिऱ्यात साधे प्लास्टिकचे प्लग ढिले पडतात, आणि बसवणाऱ्याकडे तेवढेच असतात. गिलावा जाड असेल तर तो नुसता गिलाव्यातच मारून मोकळा होतो. आधी भिंतीवर जाड प्लायवूडची पट्टी लांब अँकर बोल्टने चार-सहा ठिकाणी पक्की करून घ्या आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर मारा. सुतार गावातच मिळेल. बाहेरून पाऊस झोडपतो ती पश्चिमेची भिंत असेल तर मात्र टांगूच नका, ओल धरते. कंपनीचे पाय लावून टेबलावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडून.