मदत हवी आहे: गॅसवरचा नवा स्टीम बॉयलर पहिल्यांदा पेटवताना काय काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत आमचं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना आहे. आजवर लाकडावरचा बॉयलर चालवला. आता पाइपलाइनचा गॅस आलाय म्हणून ताशी १ टनाचा, १०.५४ किलो दाबाचा गॅसवरचा बॉयलर घेतलाय. खळ शिजवायला आणि सूत वाळवायचे सिलिंडर तापवायला वाफ लागते.

इन्स्पेक्टर साहेबांसमोर १५.८ किलोवर हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झाली, कागदपत्रं हातात आहेत. सोमवारी बर्नरचा माणूस येतोय. बसवणारे ठेकेदार म्हणतात, "सकाळी पेटवू, दुपारी मशीनला वाफ देऊ." सुताचे बीम अडकलेत, यंत्रमागवाल्यांचे रोज फोन येतात, त्यामुळे मलाही तसंच करावंसं वाटतंय. पण बॉयलर चालवणारे आमचे बॉयलरमामा अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, नवा बॉयलर आधी सोडा घालून उकळून घ्यायचा असतो. ठेकेदार म्हणतो, हल्ली कोणी करत नाही. मी मॅनहोलमधून हात घालून आतल्या नळ्यांवर बोट फिरवलं तर काळं, तेलकट लागलं.

पाणी बोअरचं आहे. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवलाय, अजून मीठ घातलेलं नाही.

आणखी एक. वर दोन सेफ्टी व्हॉल्व आहेत. त्यातल्या एकाच्या खाली, दोन फ्लँजच्या (बोल्टने आवळलेल्या जोडाच्या) मधून पत्र्याचा एक कान बाहेर आलेला दिसतो. दुसऱ्याला तसं काही नाही. हे गॅस्केटचंच काही असतं का?

जाणकारांनी कृपया सांगावं. शेडमध्ये रोज चौदा माणसं असतात, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद

मामांचं ऐका. दोन दिवस गेले तर जातील.

प्रतिसाद

दादा, मी डेअरीत बॉयलरवर आहे, गॅसवरचे दोन बॉयलर पहिल्यापासून चालू करताना हजर होतो.

सगळ्यात आधी तो पत्रा. हायड्रो टेस्टला दाब सेफ्टी व्हॉल्वच्या सेटिंगच्या वर न्यावा लागतो, म्हणून व्हॉल्वखाली बंद चकती घालतात किंवा व्हॉल्वची दांडी वरून जखडतात. टेस्ट संपली की ते काढायचं असतं. तुमच्याकडे बहुतेक ती चकती तशीच राहिलीय. म्हणजे तो व्हॉल्व नुसता शोभेचा आहे. तो फ्लँज उघडून बघितल्याशिवाय बर्नरला हात लावू देऊ नका. दुसऱ्या व्हॉल्वची टोपी काढून दांडी मोकळी आहे का तेही बघा.

सोडा उकळणं करायचंच. कारखान्यातलं तेल आणि वेल्डिंगची घाण आत राहिली तर पाणी फेसाळतं, गेज ग्लासमधली पातळी नाचते आणि वाफेबरोबर पाणी मशीनवर येतं. ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा सोडा ॲश किती घालायचं ते बॉयलरच्या पुस्तकात असतं, तेवढंच घाला. आधी बादलीत विरघळवा, चष्मा आणि हातमोजे घालून. उकळताना मेन स्टीम व्हॉल्व बंद, दाब अगदी कमी. मग बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यानंतरच रिकामा करा. गरम असताना पाणी काढलं तर गाळ नळ्यांवर भाजून बसतो. मॅनहोल उघडून धुवा, परत तसंच बोट फिरवून बघा, नवं गॅस्केट घाला.

याच वेळी बर्नरच्या तोंडाजवळचं आणि दाराचं कास्टेबल (आग सोसणारा लेप) सुकतं. त्यात ओल असते. एकदम मोठी आग दिली तर आत वाफ होऊन तडे जातात. म्हणून लहान आगीवर, मधे मधे थांबत. वरचा एअर कॉक उघडा ठेवायचा, त्यातून सलग वाफ यायला लागली की बंद करायचा.

आता मामांना एक गोष्ट नीट समजावा, कारण लाकडाची सवय इथे घात करते. लाकूड पेटलं नाही तर आपण परत पेटवतो. गॅस पेटला नाही तर तो भट्टीत भरून राहतो. हवेत ५ ते १५ टक्के गॅस झाला की एक ठिणगी पुरते. बर्नर लॉकआउटला गेला, म्हणजे न पेटता आपोआप बंद पडला, की रिसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. एकदा दाबून नाही पेटला तर कारण शोधायचं. पेटण्याआधी पंखा भट्टी झाडून काढतो, तो वेळ कोणाला कमी करू देऊ नका.

सोमवारी बर्नरवाल्याकडून आधी कोरडी चाचणी करून घ्या: सोलेनॉइडनंतरचा (विजेवर उघडणाऱ्या गॅस व्हॉल्वनंतरचा) हाताचा कॉक बंद ठेवून बर्नर चालू करायचा. ठिणगी पडेल, ज्योत दिसणार नाही, आणि काही सेकंदांत गॅस तोडून लॉकआउट व्हायलाच हवा. गॅसलाइनच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, छपराच्या पत्र्याखाली साठतो. शेडला वरून हवा जायला वाट आहे ना?

पेटल्यावर पाण्याची परीक्षा. लहान आगीवर फ्लोट चेंबरचा (पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या डब्याचा) ड्रेन हळूहळू उघडा, पातळी खाली गेली की बर्नर आपोआप बंद झाला पाहिजे. त्याहून खालच्या पातळीला बर्नर बंद करणाऱ्या दुसऱ्या कंट्रोललाही तसंच, आणि तो हाताने रिसेट केल्याशिवाय परत चालू होता कामा नये. हे डोळ्यांनी बघा, "झालंय" यावर विश्वास ठेवू नका.

सॉफ्टनरला मीठ देऊन रिजनरेट (पुन्हा ताजा) करा, मग त्याच्या पाण्यात जडपणा तपासायच्या औषधाचे थेंब टाकून बघा. गुलाबी म्हणजे पाणी जड, निळं झालं तरच टाकीत. मशीनला पहिली वाफ देताना लाइनचे ड्रेन उघडे ठेवून व्हॉल्व केसभर उघडा. पाइपात ठोके ऐकू आले तर थांबा.

धागाकर्ता

फार उपकार झाले. आज दुपारी फ्लँज उघडला. मधे बंद चकतीच होती, जाडजूड, भोक नसलेली. मामा काही बोलले नाहीत, ती पुसून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली. ठेकेदाराला फोटो पाठवला, तो उद्या येतोय. दुसऱ्या व्हॉल्वची दांडी मोकळी आहे.

वरती पत्र्याला जाळी बसवायला सांगितलीय. सोमवारी फक्त कोरडी चाचणी, मंगळवारपासून सोडा. यंत्रमागवाल्यांना शुक्रवार सांगितला. सोड्याचं पाणी नाल्यात सोडायला मन होत नाही, त्याचं काय करू?

प्रतिसाद

नाल्यात नकोच. थंड करून टाकीत धरा आणि शेजारच्या प्रोसेसवाल्यांना विचारून त्यांच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) द्या. पीएच किती आहे ते त्यांना आधी सांगा.