आंतरजालावरची भटकंती संपली, की आपणच बसून राहिलो?

रिकामटेकडा (धागाकर्ता)

परवा माळा आवरताना एक जुनी सीडी हाती लागली. तिच्यात २००४ सालची माझी बुकमार्कांची फाइल. तीनशेच्या वर दुवे. दोन रात्री जागून एकेकावर टिचकी मारली. जिवंत निघाले एकोणीस.

त्यातली एक साइट बुटांच्या नाड्यांची आहे, इयन्स शूलेस साइट. म्हणजे फक्त नाड्यांची. नाडी किती तऱ्हांनी ओवता येते, चालताना गाठ का सुटते, टोकाचं प्लास्टिक निघालं तर काय करायचं. नाडीबद्दल मला तेव्हाही काडीची उत्सुकता नव्हती, आणि मुद्दा तोच आहे. कुणाच्या तरी पानाच्या तळाशी "हे बघाच" एवढं लिहून दुवा दिलेला होता, म्हणून मी तिथे पोचलो. रात्रीचे अडीच वाजले तरी नाड्याच वाचत होतो.

तेव्हाचं सगळं असंच माणसांच्या हातून व्हायचं. याहू म्हणजे मुळात १९९४ साली स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी केलेली साइटींची यादी. त्याच वर्षी ऑगस्टात 'कूल साइट ऑफ द डे' सुरू झालं. ग्लेन डेव्हिस रोज एक साइट निवडायचा, बस. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं भरलंय की रिकामं, हे दाखवणारा कॅमेरा १९९३ च्या नोव्हेंबरात वेबवर आला. १२८ बाय १२८ पिक्सेलचं करडं चित्र! तेही असंच एकाने दुसऱ्याला सांगत जगभर झालं.

आता मला काय दाखवायचं ते मी काल काय पाहिलं यावरून ठरतं. मी नाड्या कधी पाहिल्या नाहीत, म्हणजे नाड्या मला कधी दिसणारच नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की चक्रम साइटी आजही आहेत, तिथवर नेणारं कुणी उरलेलं नाही. पटत नसेल तर भांडा.

खडूस

भांडतो.

रिकामटेकडेराव, तुमचाच आकडा तुमच्या अंगावर येतोय. तीनशेतल्या एकोणीस उरल्या आणि वर म्हणताय "साइटी आजही आहेत"!

बरं, बाकीच्या दोनशेऐंशी कशा होत्या ते नाही सांगितलंत. मी सांगतो. पिवळ्या पाटीत फावडं मारणारा माणूस आणि खाली "काम चालू आहे", जे काम पुढे कधीच झालं नाही. पान उघडताच केकाटणारं मिडी संगीत, बंद करायला बटण नाही. जांभळ्यावर हिरवी लुकलुकणारी अक्षरं. "आपण ०००४७ वे पाहुणे", त्यातले चाळीस वेळा मालक स्वतः. आठवणीत फक्त नाड्या उरतात, फावडेवाला गळून पडतो.

कॉफीच्या भांड्याचं म्हणाल तर एमआयटीच्या मॅथ्यू ग्रेने १९९३ च्या डिसेंबरात मोजल्या तेव्हा जगभरात मिळून ६२३ साइटी भरल्या. सहाशे घरांच्या गावात एकाने दारात हत्ती बांधला तर दवंडी पिटावी लागत नाही. लोक भांडं बघायला गेले कारण बघण्यासारखं दुसरं फार नव्हतं.

आणि त्या माणसांच्या याद्यांचं फार कौतुक नको. याहूच्या यादीत व्यापारी साइट घालायची तर पुढे वर्षाला २९९ डॉलर मोजावे लागत. फुकटातल्या एका यादीत मीही माझी साइट घालायला अर्ज केला होता. सात महिने वाट पाहिली, मग विसरलो. दारात माणूस बसवला की तो वाट दाखवतो तसा अडवतोही.

पायवाट

खडूसराव, "बघायला दुसरं काही नव्हतं" हे १९९३ पुरतं ठीक. पण टेलिगार्डनचं काय कराल? १९९५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात केन गोल्डबर्ग आणि मंडळींनी एका गोल वाफ्याच्या मधोमध रोबोटचा हात बसवला. घरबसल्या ब्राउझरमधून त्या हाताने बी पेरायचं, पाणी घालायचं, शेजाऱ्याचं रोप वाढलं का बघायचं. पुढच्या वर्षी बाग ऑस्ट्रियातल्या लिंझला हलवली आणि तिथे २००४ पर्यंत होती. २००४ साली बघायला भरपूर होतं. तरी लोक तिथे पाणी घालायला जात होते.

मला मात्र वेबरिंगबद्दल लिहायचं आहे, कारण ती गंमत आता सांगूनही कळत नाही. एकाच विषयाचं वेड असलेल्या लोकांच्या साइटी माळेसारख्या ओवलेल्या. पानाच्या अगदी तळाशी एक चौकट असायची, तिच्यात चार शब्द: मागची, पुढची, कुठलीही, यादी. "पुढची"वर टिचकी मारली की मधल्या सर्व्हरवरची एक छोटी आज्ञावली माळेतला पुढचा मणी कोणता ते बघायची आणि तुम्हाला तिथे ढकलायची. चालत राहिलात तर फिरून पहिल्या साइटीवर परत.

मी एकदा दीपगृहांच्या माळेत शिरलो. पहिली साइट निवृत्त खलाशाची, नुसती छायाचित्रं. दुसरी एका बाईंची, त्या दीपगृहांच्या भिंगांचे कागदी नमुने बनवायच्या आणि कापायचे आराखडे द्यायच्या. तिसऱ्या साइटीचा मालक दीपगृहांवर रागावलेला होता. खरंच! त्यांच्या भोंग्याने झोप उडते म्हणून तपशीलवार तक्रार, तारीखवार. तरी माळेत सामील. हा माणूस मला कुठल्या शोधचौकटीत सापडला असता? काय टंकलं असतं मी?

खडूस

निम्म्या माळा तुटलेल्या असायच्या. "पुढची" म्हटलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

भोंगेवाला मात्र आवडला.

यंत्रमित्र

तुम्ही दोघं माणूस विरुद्ध यंत्र असं भांडताय. मला ती फाळणीच मान्य नाही.

स्टंबलअपॉन आठवतंय? २००१ साली निघालेलं. ब्राउझरच्या पट्टीवर एक बटण, ते दाबलं की कुठल्या तरी अनोळखी साइटीवर जाऊन आदळायचं. आवडली तर अंगठा वर, नाही तर खाली. पुढची साइट तुमचे विषय आणि तुमच्यासारख्या लोकांचे अंगठे बघून यंत्रच निवडायचं. म्हणजे रिकामटेकडे ज्याला आज नावं ठेवताहेत तेच. आणि त्या काळी भटकंतीचा सगळ्यात मोठा आनंद अनेकांना त्याच बटणाने दिला. ईबेने २००७ साली ते साडेसात कोटी डॉलरला घेतलं, २०१८ च्या ३० जूनला दुकान बंद.

मग बदललं काय? माझ्या मते एकच गोष्ट. ते बटण तुम्हाला बाहेर ढकलायचं, थेट दुसऱ्याच्या अंगणात. नाड्यावाल्याच्या घरी गेलात की त्याचे रंग, त्याची मांडणी, त्याची बाकीची पानं, त्याने दिलेले दुवे. तिथून पुढे कुठे जाल त्यावर बटणाचा ताबा नाही. आजचं यंत्र नाड्यांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तुमच्याच ओसरीवर आणून देतं. तुम्ही बाहेर पडलात तर त्याची जाहिरात कोण बघणार? म्हणून दुवा दिलेली पोस्ट मागे पडते आणि लोक "दुवा पहिल्या प्रतिसादात" असं लिहितात. यंत्राची अक्कल तीच आहे, मालकाचा हिशोब बदलला.

पायवाट

बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत. "दुवा पहिल्या प्रतिसादात" हे वाचून दर वेळी अंगावर काटा येतो.

तिसरा डोळा

इथे सगळे आपापल्या बालपणावर बोलताय असं वाटलं, म्हणून जरा वेगळं.

ही मोकळी भटकंती कुणाला शक्य होती? ज्यांना रोमन लिपीत वाचता-लिहिता येत होतं त्यांना. बाकीच्या लिप्यांची पानं उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. प्रत्येक साइटीचा वेगळा फॉन्ट, तो आधी उतरवा, मग ब्राउझरला समजवा, आणि शोधयंत्राला तर तो मजकूर म्हणजे कचराच. यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची एकच पद्धत, हे वेबवरचं सर्वाधिक वापरातलं एन्कोडिंग झालं ते गूगलच्या मोजणीप्रमाणे २००७ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्याला तुम्ही सुवर्णकाळ म्हणता तो उताराला लागला, तेव्हा कुठे बाकीच्या जगाला नीट लिहिता यायला लागलं. त्यांनी आपला चक्रमपणा मग ज्या जागा समोर होत्या तिथे ओतला, बंदिस्त का असेनात.

माझ्या आजच्या फोनवर तऱ्हेतऱ्हेच्या लिप्यांतले नाड्यावाले आहेत. ते मला यंत्राने दाखवले, आणि त्याबद्दल मला यंत्राचा राग नाही.

रिकामटेकडा

तिसरा डोळा, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी जग म्हणत होतो ते एक गल्लीच होती.

खडूसराव, तुम्हीही बरोबर पकडलंत. "साइटी आजही आहेत" हे घाईत लिहिलं. त्या पुष्कळशा मेल्या आहेत. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यातली किती पानं हौशी होती कोण जाणे. पण माझ्या ओळखीच्यांपैकी ज्यांच्या साइटी गेल्या, त्यांतला एकही कंटाळून गेला नाही. जागा देणारा उठून गेला. माझी स्वतःची होती, आगकाड्यांच्या पेट्यांवरच्या चित्रांची, दोनशे स्कॅन. फुकट जागा देणाऱ्याने एक महिन्याची सूचना पाठवली, ती मी वापरणं सोडलेल्या ईमेलवर. संपलं.

लोकांना साइटीसाठी फुकट जागा देणाऱ्या जिओसिटीजचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १९९९ साली याहूने साडेतीन अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतलं आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केलं. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं, एका टेराबाइटच्या आसपास. खडूसरावांचा फावडेवालाही त्यात शेकड्यांनी सापडेल.

पण यंत्रमित्र म्हणतात ते धरलं तर माझा मूळ मुद्दा अजून उभा आहे. बाहेर ढकलणारं कुणी उरलं का?

यंत्रमित्र

उरलंय, तुम्ही जात नाही. वायबी नावाचं शोधयंत्र फक्त साध्या, हाताने बनवलेल्या पानांमध्ये शोधतं आणि "चकित करा" म्हटलं की कुठेतरी भिरकावतं. मार्जिनालिया हे दुसरं शोधयंत्र मजकुराने भरलेल्या, जाहिरातींनी न लडबडलेल्या पानांना वर आणतं. निओसिटीज या जिओसिटीजसारख्याच फुकट जागेवर २०१३ पासून लोक पुन्हा हाताने एचटीएमएल लिहिताहेत, लुकलुकणाऱ्या चित्रांसकट. त्यातले बरेच जण जिओसिटीज सुरू झालं तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

खडूस

म्हणजे फावडेवाला परत आला. छान.

पायवाट

खडूसराव, एक तास जाऊन या आणि इथे लिहा. पैज.

खडूस

गेलो होतो. दीड तास, कारण मधे फोन आला.

वायबीवर पहिले पाच धक्के फुकट. एका गृहस्थांच्या पानावर फक्त त्यांच्याकडच्या मॉडेमची यादी, दुसरं कुणाचं तरी १९९८ सालचं प्रवासवर्णन ज्यातली छायाचित्रं उघडत नाहीत, बाकीचे तीन इतके रटाळ की आठवत नाहीत. सहाव्यावर एक पान होतं, पुलांखालून जाताना ट्रेनचा आवाज कसा बदलतो याचं. आवाजाच्या फायलींसकट. सगळ्या ऐकल्या. ती चूक माझी.

मग कुठल्याशा दुव्यावरून फॉगकॅमवर पोचलो. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातला वेबकॅम, १९९४ पासूनचा. २०१९ साली बंद करणार म्हणून जाहीर केलं होतं, मग विद्यापीठाने ठेवला. गेला अर्धा तास उघडा ठेवलाय. धुकं आहे, काहीही दिसत नाही. मधे एकदा कुणीतरी छत्री घेऊन गेलं असं वाटलं.

याचा अर्थ मी सहमत झालो असा कुणी काढू नये.