स्कूबा करताना तळपायात गोळा येतो, काय करू?

मागच्या आठवड्यात मालवणला डाइव्ह केला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, आणि दहा मिनिटांतच डाव्या तळव्यात असा गोळा आला की बोटं वाकडीच झाली, मासे राहिले बाजूला मी पाय धरून बसले. रोज पोहते तरी असं का?

कोकणी कासव: फिन (पायात घालायचा वल्ह्यासारखा रबरी पंख) मापाचा होता का? भाड्याचा फिन सैल असला की तो निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आत आवळतो, तिथेच गोळा. फार घट्ट असला तरी तेच. आणि लाथ मांडीपासून मार, सायकल चालवल्यासारखी नको.

देवबागकर: गो बाय, आदल्या दिवशी पाणी किती प्यायलीस? टाकीतली हवा कोरडी, त्यात होडीत उन्हात बसून घाम. मी तरी सकाळी पेज खाऊनच जातो. आलाच गोळा तर थांब, बडीला, म्हणजे सोबतच्या डाइव्हरला, खूण कर, फिनचं टोक धर आणि गुडघा हळूहळू सरळ करत स्वतःकडे ओढ.

फिन एक साइज मोठाच होता!! मोजे चालतील?

कोकणी कासव: निओप्रीनचे (जाड रबरी कापडाचे) चालतील, पण आधी मापाचा फिन माग, लाजू नको.