प्रतिसाद : हँडहेल्ड जीपीएस आणि अंश-मिनिटांचा घोळ

मोबाइल असताना वेगळं जीपीएस यंत्र कशाला, असं वर विचारलंय. पेठांत फिरायला नकोच. पण भर पावसात राजगड-तोरणा करताना ओल्या बोटांनी टचस्क्रीन नाचायला लागते. जुन्या ईट्रेक्सची (गार्मिनचं हातात मावणारं जीपीएस यंत्र) बटणं मुकाट चालतात आणि त्याचे दोन पेन्सिल सेल वेल्ह्याच्या दुकानातही मिळतील. (रेंज गेली की फोनचा जीपीएस बंद पडतो, हे मात्र खरं नाही. नकाशा आधी उतरवून घ्या, झालं.)

जिओकॅशिंग (कुणीतरी दडवलेला डबा जीपीएसवर शोधायचा खेळ) करणार असाल तर कोऑर्डिनेट्सची, म्हणजे अक्षांश-रेखांशांची सेटिंग आधी तपासा. तिथे अंश आणि दशांश मिनिटं वापरतात (एका अंशाची साठ मिनिटं). सिंहगड साधारण १८° २१.९८' उत्तर, ७३° ४५.३५' पूर्व. हेच आकडे नुसते दशांश अंश समजून १८.२१९८, ७३.४५३५ असे ठोकलेत तर यंत्र तुम्हाला घाट उतरवून थेट रायगडाजवळ नेतं! करून बघा, गंमत आहे.

शेवटच्या दहा मीटरला यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा, दाट झाडीत आकडा ठरतच नाही. आणि कृपा करून डबा गडाच्या तटबंदीत दडवू नका. पुढचा शोधणारा चिरे उचकटत बसेल.